माध्यम साक्षरता आणि भारताचं शैक्षणिक धोरण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षक, पालक आणि गावोगावची ग्रंथालयं चालवणारे कार्यकर्ते यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. भर केंद्राच्या धोरणावर आहे. महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांपाशी मात्र जरा जास्त थांबलो आहोत, कारण तिथे करण्यासारखं बरंच आहे आणि ते आत्ताच करायला हवं.

माध्यम साक्षरता म्हणजे खोट्या बातम्या ओळखणं, एवढंच ना?

तो तिचा एक भाग झाला. समोर आलेला मजकूर कुणी तयार केला, कशासाठी, कुणाच्या पैशावर, त्यात काय दाखवलं आणि काय गाळलं, हे विचारण्याची सवय आणि उत्तर शोधण्याची रीत म्हणजे माध्यम साक्षरता. बातमी पूर्ण खरी असली तरी तिचा मथळा दिशाभूल करू शकतो. निवडणुकीच्या काळात पैसे घेऊन छापलेली स्तुती बातमीच्या रूपात येते आणि तिच्यातला एकेक आकडा बरोबरही असू शकतो. अग्रलेख आणि बातमी यांतला फरक, प्रायोजित मजकूर, यूट्यूबवर एकामागून एक आपोआप लागणारे व्हिडिओ, हे सगळं या विषयात येतं.

विषय मोबाइलपेक्षा जुना आहे. १९८२ साली जर्मनीत ग्र्युनवाल्ड इथे युनेस्कोच्या बैठकीत १९ देशांच्या प्रतिनिधींनी माध्यमशिक्षणाचा जाहीरनामा काढला, तेव्हा डोळ्यांसमोर मुख्यतः टीव्ही होता.

भारतात तो इतका निकडीचा का मानायचा?

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. भिक्षा मागत फिरणारी माणसं होती ती. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा त्या काळात व्हॉट्सॲपवर फिरत होत्या. एप्रिल २०२० मध्ये पालघरच्या गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक अशाच अफवांच्या वातावरणात मारले गेले.

राईनपाड्यानंतर लगेचच, १७ जुलै २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींबाबत केंद्राला आणि राज्यांना निर्देश दिले. प्रत्येक जिल्ह्यात जबाबदार पोलिस अधिकारी नेमा, भडकाऊ संदेशांना आळा घाला, रेडिओ-टीव्हीवरून इशारे द्या, असं त्यांचं स्वरूप होतं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा आणली. पोलिसांनी आपलं काम केलं, कंपनीने आपल्यापुरतं केलं. पण तो संदेश वाचून खरा मानणाऱ्या माणसाला काय शिकवायचं, याचं उत्तर शिक्षण खात्याकडून यायला हवं होतं. त्याची वाट आपण अजून पाहतो आहोत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये माध्यम साक्षरता आहे का?

नावाने, स्वतंत्र कौशल्य म्हणून नाही. मंत्रिमंडळाने २९ जुलै २०२० रोजी मंजूर केलेल्या या धोरणाच्या परिच्छेद ४.२३ मध्ये प्रत्येक विद्यार्थ्याला यायलाच हव्यात अशा गोष्टींची लांबलचक यादी आहे. वैज्ञानिक दृष्टिकोन आणि पुराव्यावर आधारित विचार, तर्क, डिजिटल साक्षरता आणि कोडिंग, संविधानिक मूल्यं, नागरिकत्वाची कौशल्यं, चालू घडामोडी, सगळं त्यात आहे. माध्यम साक्षरता उभी राहायला लागणारं साहित्य जवळपास सगळं यादीत हजर आहे, ते एकत्र मात्र कुणी बांधलेलं नाही.

यावर "मग आहेच की सगळं" असं म्हणणारे भेटतात. आम्हाला ते पटत नाही. धोरणात ज्याला नाव मिळतं त्याला पुढे तासिका मिळते, प्रशिक्षण मिळतं, मूल्यमापनात जागा मिळते. कोडिंगला नाव मिळालं आणि पाहा: गोव्यात शाळांतून कोडिंग व रोबोटिक्स शिकवण्यासाठी मुख्यमंत्र्यांच्या नावाने 'केअर्स' योजना चालते. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने तिसरीपासून कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगणकीय विचार २०२६-२७ पासून आणण्याचं जाहीर केलं. हे वाईट आहे असं मुळीच नाही. पण तिसरीतल्या मुलाला यंत्र कसं विचार करतं ते सांगायचं, आणि यंत्राने पुढे ठेवलेला मजकूर कसा पारखायचा हे सांगायचं नाही, हा क्रम आम्हाला उलटा वाटतो.

डिजिटल साक्षरतेच्या सरकारी योजनांतून हे शिकवलं जात नाही का?

फारसं नाही. पंतप्रधान ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान २०१७ मध्ये मंजूर झालं. ग्रामीण भागातल्या सहा कोटी घरांतल्या प्रत्येकी एकाला शिकवायचं लक्ष्य होतं. ३१ मार्च २०२४ पर्यंत ६.३९ कोटी लोकांना प्रशिक्षण मिळालं. काम मोठं होतं, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण अभ्यासक्रम २० तासांचा आणि त्यात उपकरण चालवणं, इंटरनेटवर शोधणं, ईमेल, सरकारी सेवा, डिजिटल व्यवहार. महाराष्ट्रात एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाने दोन दशकांहून अधिक काळ हेच केलं आणि लाखो तरुणांचा संगणकाशी परिचय करून दिला. या सगळ्यांतून माणूस साधन चालवायला शिकला. साधनातून येणाऱ्या मजकुराशी वाद घालायला शिकवणं हे त्या योजनांचं उद्दिष्टच नव्हतं.

प्रौढांसाठी आत्ता सुरू असलेला 'उल्लास', म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम (२०२२ ते २०२७, १,०३७.९० कोटी रुपये, पाच कोटी नवसाक्षरांचं लक्ष्य), यात अक्षरओळखीबरोबर जीवनकौशल्यं आहेत. आर्थिक साक्षरता आणि डिजिटल साक्षरता त्यांत येतात. माध्यम साक्षरतेचा धडा घालायला याहून सोपी जागा नाही. ज्या बाईला पंचावन्नाव्या वर्षी अक्षरं जुळवता येऊ लागतात, तिच्या हातात नातवाचा मोबाइल असतोच. तिच्या वाचनाचा पहिला मजकूर बहुतेक वेळा फॉरवर्डच असणार.

इतकी वर्षं हे कुणाच्याच ताटात का पडलं नाही?

कारण ते तिघांत विभागलं गेलं आहे. शाळा शिक्षण मंत्रालयाकडे, वृत्तपत्रं आणि वाहिन्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे, समाजमाध्यमं इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे. अफवेतून दंगल झाली तर कायदा-सुव्यवस्था राज्याची. शिक्षण १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीपासून समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र आराखडा देतं आणि पुस्तक राज्य छापतं. गंमत अशी की वैज्ञानिक दृष्टिकोन आणि चिकित्सक वृत्ती विकसित करणं हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य ठरवणारं कलम ५१क(ज) त्याच घटनादुरुस्तीने आलं. कर्तव्य नागरिकाला दिलं. ते पार पाडायला लागणारं शिक्षण कोण देणार, हे ठरवायचं राहिलं.

महाराष्ट्राच्या पुस्तकात याबद्दल काही आहे का?

आहे, आणि चांगलं आहे. फार लोकांना माहीत नसतं.

बालभारतीचं दहावीचं इतिहासाचं पुस्तक (२०१८) उघडा. पाचवं प्रकरण 'प्रसारमाध्यमे आणि इतिहास'. 'दर्पण'पासून टीव्हीपर्यंतचा प्रवास आहे, आणि मग प्रसारमाध्यमांतून मिळणारी माहिती चिकित्सकपणे कशी समजून घ्यावी यावर स्वतंत्र भाग आहे. उदाहरण दिलंय 'स्टर्न' या जर्मन साप्ताहिकाचं. त्याने हिटलरच्या हस्तलिखित रोजनिशी म्हणून गठ्ठा विकत घेतला, छापला आणि त्या बनावट निघाल्या. ही १९८३ ची घटना. कागद तपासला तेव्हा त्यात महायुद्धानंतरच वापरात आलेलं रसायन सापडलं. हा तपशील वर्गात सांगून पाहा, शेवटच्या बाकावरची मुलंही मान वर करतात. मोठ्या नावाचं नियतकालिकही फसतं, आणि फसवणूक कागदाच्या तपासणीतून उघड होते. माध्यम साक्षरतेचे दोन्ही धडे या एका गोष्टीत आहेत.

आता दुसरी बाजू. इतिहास व राज्यशास्त्राची लेखी परीक्षा ४० गुणांची. त्यात हे एक प्रकरण. मुलं 'दर्पण'ची तारीख पाठ करतात, ६ जानेवारी १८३२, संपादक बाळशास्त्री जांभेकर, आणि पुढे जातात. चिकित्सेचा भाग वाचला जातो, केला जात नाही.

मराठीच्या पेपरात तर आणखी जवळची संधी हुकते. उपयोजित लेखनात दहावीची मुलं बातमी लिहितात, जाहिरात लिहितात. बारावीला वृत्तलेख आणि मुलाखत आहे. आकर्षक जाहिरात कशी लिहावी याला गुण आहेत. समोर ठेवलेली जाहिरात काय लपवते आहे, हे विचारणारा प्रश्न त्याच पेपरात सहज बसेल.

राष्ट्रीय पातळीवर तर पाऊल मागे पडलं. एनसीईआरटीच्या सातवीच्या सामाजिक व राजकीय जीवन या जुन्या पुस्तकात माध्यमांवर एक आणि जाहिरातींवर एक, अशी दोन प्रकरणं होती. २०२२ च्या काटछाटीत जाहिरातींचं प्रकरण गेलं. दिवसभर जाहिराती पाहणाऱ्या बारा वर्षांच्या मुलांच्या पुस्तकातून नेमकं तेच काढावं, हे आजही खटकतं.

स्वतंत्र विषय का करत नाहीत?

करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. नववी-दहावीत जलसुरक्षा, स्वविकास व कलारसास्वाद असे श्रेणीचे विषय आधीच आहेत. त्यांच्या वह्या कधी आणि कशा पूर्ण होतात हे शिक्षकांना सांगायला नको. आणखी एक श्रेणीचा विषय म्हणजे आणखी एक वही.

हे असलेल्या विषयांत मुरायला हवं. मराठीत बातमी लिहिताना बातमी तपासणं. गणितात सांख्यिकी शिकवताना उभा अक्ष शून्याऐवजी ९० पासून सुरू केलेला आलेख दाखवणं, म्हणजे दोन टक्क्यांचा फरक दुप्पट कसा भासतो ते मुलांना डोळ्यांनी दिसतं. विज्ञानात चमत्कारी औषधाची जाहिरात. इतिहासात मूळ साधन आणि ऐकीव गोष्ट.

फिनलंडचा दाखला सगळे देतात. तिथे नेमकं काय आहे?

स्वतंत्र विषय तिथेही नाही. २०१६ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात मजकूर, चित्र, आकडे, ध्वनी सगळं वाचता येण्याचं बहुविध वाचनकौशल्य प्रत्येक विषयात शिकवायचं आहे. शिक्षण व संस्कृती मंत्रालयाचं माध्यमशिक्षणाचं स्वतंत्र राष्ट्रीय धोरण आहे, २०१३ मध्ये पहिलं आणि २०१९ मध्ये नवं. शिवाय माध्यमशिक्षणाला चालना देणं हे एका सरकारी संस्थेचं कायद्याने ठरलेलं काम आहे. आपण त्यांच्याकडून घ्यायची गोष्ट ही शेवटची. कुणाला तरी जाब विचारता आला पाहिजे. फ्रान्समध्येही १९८३ पासून शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत असं केंद्र आहे आणि शाळांतून दरवर्षी माध्यम सप्ताह होतो.

महाराष्ट्रात ६ जानेवारी हा पत्रकार दिन आहेच. त्या दिवशी हारतुऱ्यांबरोबर गावातल्या वार्ताहराला शाळेत बोलावून "बातमी तुम्ही कशी तपासता" हे विचारलं, तरी सुरुवात होईल.

भारतातच कुठे चांगलं काम झालंय?

केरळात. २०१८ मध्ये कन्नूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी सुमारे १५० सरकारी शाळांत 'सत्यमेव जयते' नावाने खोट्या माहितीविषयीचे वर्ग सुरू केले. लसीकरणाविरुद्धच्या अफवांनी तिथे मोहीम अडली होती, हे त्यामागचं एक कारण. पुढे राज्याच्या 'काइट' या शैक्षणिक तंत्रज्ञान संस्थेने ते राज्यभर नेलं आणि २०२२ मध्ये पाचवी ते दहावीच्या १९ लाखांहून अधिक मुलांपर्यंत पोहोचवलं. २०२४ पासून पाचवी आणि सातवीच्या माहिती तंत्रज्ञानाच्या पुस्तकांत माहिती पडताळण्याचे पाठ आहेत. एका जिल्ह्याचा प्रयोग सहा वर्षांत छापील पुस्तकात आला.

पण शिकवून खरंच फरक पडतो का? की आपलं समाधान?

हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, आणि उत्तर बिहारमधून आलंय.

२०१९ च्या लोकसभा निवडणुकीआधी संशोधक सुमित्रा बद्रीनाथन यांनी बिहारमध्ये हजाराहून अधिक लोकांना घरी जाऊन साधारण तासाभराचं प्रशिक्षण दिलं. खोटी माहिती कशी ओळखायची, चित्रावरून त्याचं मूळ कसं शोधायचं, सगळं. सरासरी पाहता फरक पडला नाही. सत्ताधारी पक्षाच्या समर्थकांच्या बाबतीत तर आपल्या बाजूच्या खोट्या बातम्या ओळखणं आणखी कमी झालेलं दिसलं. याच सुमारास झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात फेसबुकच्या धर्तीच्या टिपा दाखवल्या गेल्या. त्यांचा उपयोग शिकलेल्या, ऑनलाइन गटाला झाला, उत्तर भारतातल्या ग्रामीण गटाला झाला नाही.

मग बद्रीनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरा प्रयोग केला. या वेळी बिहार सरकारच्या 'जीविका' संस्थेबरोबर, ५८३ गावांत, आठवी ते बारावीच्या १३,५०० हून अधिक मुलामुलींबरोबर. गावच्या ग्रंथालयात, काही आठवड्यांच्या अंतराने वर्ग, भर आरोग्याविषयीच्या खोट्या समजुतींवर. परिणाम ठसठशीत निघाला, महिन्यांनंतर तपासल्यावरही टिकला, आणि मुलांच्या पालकांमध्येही उतरलेला दिसला.

दोन प्रयोगांत वेळ बदलला, वय बदललं, विषय बदलला. नेमकं कशाने किती फरक पडला हे काटेकोरपणे वेगळं करता येत नाही, पण धोरणासाठी पुरेसा इशारा आहे. एका दिवसाची कार्यशाळा, प्रमाणपत्र आणि समूह छायाचित्र यांतून काही होत नाही. वर्ग, तोच शिक्षक, पुन्हा पुन्हा सराव, आणि सुरुवात राजकारणाऐवजी आरोग्यापासून, असं केलं तर होतं. आणि तेही सरकारी यंत्रणेतून झालं, ही बाब आम्हाला फार मोलाची वाटते.

सरकारचा फॅक्ट चेक विभाग आहे. मग शाळेत शिकवायचं कशाला?

पत्र सूचना कार्यालयाचा तो विभाग २०१९ पासून आहे आणि फक्त केंद्र सरकारशी संबंधित माहिती तपासतो. शेजारच्या गावातल्या अफवेशी त्याचा संबंध नाही.

एप्रिल २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती करून, सरकारी विभागाने खोटी ठरवलेली माहिती न हटवणाऱ्या समाजमाध्यमांना इतरांनी टाकलेल्या मजकुराबद्दल मिळणारं कायदेशीर संरक्षण धोक्यात आणण्याची तरतूद झाली. मुंबई उच्च न्यायालयात तिला आव्हान मिळालं. ३१ जानेवारी २०२४ रोजी न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांचं मत विभागलं गेलं. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी ती घटनाबाह्य ठरवली. खरं-खोटं ठरवण्याचा अंतिम अधिकार स्वतःविषयीच्या माहितीबाबत सरकारकडेच असावा का, असा तो वाद होता. नागरिकाला स्वतः तपासता आलं तर या अधिकारासाठी कुणाकडे हात पसरावा लागत नाही.

सरकारच शिकवणार, तर "आमच्यावर टीका म्हणजे खोटी बातमी" असं नाही का होणार?

धोका खरा आहे, कुठल्याही पक्षाचं सरकार असो. म्हणून पुस्तकात निष्कर्ष नको, रीत हवी. "अमुक वाहिनीवर विश्वास ठेवा" असं वाक्य आलं की समजावं, पाठ बिघडला. सरकारी जाहिरातही मुलांपुढे तपासायला ठेवता आली पाहिजे: कोणता आकडा दिला, कोणत्या वर्षाशी तुलना केली, मूळ अहवालात काय आहे. ज्या अभ्यासक्रमात हे चालणार नाही, त्याला माध्यम साक्षरता म्हणू नये.

कंपन्यांनी दिलेल्या प्रशिक्षणालाही हीच कसोटी लावावी. गूगलच्या निधीतून २०२० मध्ये सुरू झालेल्या 'फॅक्टशाला'सारख्या उपक्रमांनी उपयोगी साहित्य तयार केलं आहे, ते जरूर वापरावं. पण पुढे काय दाखवायचं ते ठरवणारी शिफारस यंत्रणा माणसाला किती वेळ कशासमोर बसवते, हा धडा कंपनीच्या पैशावर पूर्ण शिकवला जाईल अशी अपेक्षा ठेवू नये. तो सार्वजनिक पैशातूनच यायला हवा.

घरातल्या मोठ्यांचं काय?

त्यांची थट्टा करणं आधी थांबवावं. आजोबा फॉरवर्ड पाठवतात ते बहुधा काळजीपोटी. "हे खोटं आहे" असं घरच्या ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहिण्यापेक्षा बाजूला बसून एकदा त्यांच्याच फोनवर शोधून दाखवलं तर ते पुढच्या वेळी स्वतः विचारतात. पोलिस असल्याचं भासवून व्हिडिओ कॉलवर धमकावतात आणि पैसे उकळतात, ती 'डिजिटल अटक' असा काही प्रकार कायद्यात नाही, हे आजच सांगा. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीच्या १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करायचा.

मी शिक्षक आहे. प्रशिक्षण मिळेपर्यंत वर्गात काय करू?

एकच सवय लावा. मजकूर कितीही खरा वाटला तरी त्याच पानाकडे पाहत बसू नये, बाहेर पडून इतर कोण त्याबद्दल काय म्हणतं ते पाहावं. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासात इतिहासाचे प्राध्यापकही संकेतस्थळाच्या देखण्या मांडणीला भुलले. व्यावसायिक फॅक्ट चेकर भुलले नाहीत, कारण ते पान उघडताच बाजूला नवी खिडकी उघडून त्या संस्थेविषयी शोधत होते. ३५ मिनिटांच्या तासिकेत एका फोनवर हे दाखवता येतं. फोन नसेल तर एकाच घटनेच्या तीन वर्तमानपत्रांतल्या बातम्या फळ्यावर लावा आणि तिसऱ्यात नसलेली ओळ शोधायला सांगा.

धोरणात हे यावं म्हणून आपण काय करू शकतो?

महाराष्ट्रात नव्या अभ्यासक्रम आराखड्यानुसार पाठ्यपुस्तकं बदलू लागली आहेत. २०२५-२६ मध्ये पहिली बदलली, वरचे वर्ग टप्प्याटप्प्याने बदलतील. दहावीचं पुस्तकही जाईल. मसुदे सूचनांसाठी खुले होतात तेव्हा पुण्याच्या एससीईआरटीकडे (राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद) लेखी सूचना पाठवता येते. २०२४ मध्ये राज्य आराखड्याचा मसुदा असाच लोकांपुढे ठेवला होता. सूचना मोघम नको. तीन गोष्टी नावानिशी मागाव्यात: दहावीच्या इतिहासातलं 'प्रसारमाध्यमे आणि इतिहास' हे प्रकरण नव्या पुस्तकात राहावं आणि चिकित्सेच्या भागावर दरवर्षी प्रश्न यावा, मराठीच्या उपयोजित लेखनात दिलेली बातमी किंवा जाहिरात तपासण्याचा प्रश्न असावा, आणि 'उल्लास'च्या पुस्तिकांत फॉरवर्डवर एक धडा असावा. केंद्रप्रमुखांच्या शिक्षण परिषदेत हाच ठराव झाला आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सह्या त्याखाली आल्या, तर सूचनेला आणखी वजन येतं.